नोंद आणि माणूस

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, जिला आमच्याकडे एक 'कोयता' म्हणतात, आपला संसार ट्रकवर लादते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेला लागते. ट्रकवर चढणारे सामान ठरलेले असते. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि कडेवरचे पोर. या सामानात आणखी एक वस्तू मी गेली काही वर्षे पाहत आलो आहे. ती म्हणजे प्लॅस्टिकची एक पिशवी. कापडाच्या दुकानात मिळते तशी, तोंड गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. तिच्यात दवाखान्याचे केसपेपर असतात, रक्त तपासल्याच्या चिठ्ठ्या असतात, सोनोग्राफीचा काळपट कागद असतो आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही असतात. अक्षरओळख नसलेली बाई ही पिशवी रेशनकार्डाइतक्याच काळजीने जपते. आत काय लिहिले आहे ते तिला सांगता येत नाही; पण आपल्या शरीराची काही हकीकत या कागदांत आहे आणि ती गहाळ झाली तर आपल्याला पुन्हा सांगता यायची नाही, एवढे तिला पक्के ठाऊक असते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई एका चैत्रात कारखान्यावरून परतली ती तापाने फणफणलेली. पायाला कोयता लागून झालेली जखम चिघळली होती. मुलगा मला बोलवायला आला, कारण तालुक्याच्या दवाखान्यात चार शब्द बोलायला कोणीतरी बरोबर हवे होते. डॉक्टर वयाने लहान होते, घाईतही होते. पण विचारत होते ते मन लावून. यापूर्वी एखादे औषध सोसले नाही, असे झाले आहे काय? बाई म्हणाली, "व्हय, तिकडं कारखान्यावर सुई टोचली आन् अंगावर गांधी उठल्या, गळा आवळल्यावानी झाला." कोणती सुई? तिने पिशवी सोडली. सगळे कागद टेबलावर पसरले. हवा असलेला कागद मात्र त्यांत नव्हता. माघात अवकाळी पाऊस झाला त्या रात्री कोपीत पाणी शिरले आणि काही कागदांचा लगदा झाला. त्यांतच तो गेला असावा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. जे औषध त्यांना द्यायचे होते, तेच पूर्वी अंगावर आले नसेल कशावरून? तो धोका घेण्यापेक्षा त्यांनी तिला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवले. त्यात दोन दिवस गेले. बाई वाचली, पायाचे एक बोट मात्र काढावे लागले. ते दोन दिवस वाचले असते तर बोटही वाचले असते, असे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट घर करून राहिली आहे. तीनशे किलोमीटरवरच्या कुठल्यातरी दवाखान्यात, कुठल्यातरी वहीत, त्या औषधाचे नाव कोणीतरी नीट लिहून ठेवले असणार. ते नाव आणि ती बाई यांची गाठ पडली नाही, एवढेच झाले.

ही गाठ पडावी म्हणून आता एक व्यवस्था उभी राहिली आहे. २०२० साली केंद्र सरकारने ती सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोगादाखल सुरू केली, आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ती आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने सगळ्या देशासाठी जाहीर झाली. ज्याला हवा त्याला चौदा आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. लोक त्याला 'आभा' म्हणतात. हा क्रमांक म्हणजे सगळ्यांचे कागद एका कोठारात नेऊन भरणे नव्हे. कागद, म्हणजे संगणकावरच्या नोंदी, ज्या त्या दवाखान्याकडेच राहतात. क्रमांकामुळे कळते ते इतकेच, की या माणसाची नोंद अमुक अमुक ठिकाणी आहे. आणि त्याने संमती दिली, की तिथून ती इथल्या डॉक्टरला दिसते. गावात कोणाच्या घरी कोणते बियाणे आहे हे ठाऊक असावे आणि मालकाने हो म्हटले की ते आणता यावे, तसाच हा प्रकार आहे. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, हेही सरकारने सांगितले आहे.

कल्पना म्हणून पाहिले तर ती फार जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत लिहीत असे. एकच माणूस चार डॉक्टरांकडे गेला तर त्याचा आजार चार वह्यांत वाटला जाई. १९०७ साली हेन्री प्लमर या डॉक्टराने ठरवले, की वही डॉक्टरची असू नये, रुग्णाची असावी. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, एक पाकीट, आणि त्याच्याविषयीचा प्रत्येक कागद त्या पाकिटात. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण मोठे शोध पुष्कळदा असेच असतात, एकदा लागले की ते कधी नव्हते हेच खरे वाटत नाही. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तिथल्या दवाखान्यांतले कागदी दप्तर ढिगांनी नष्ट झाले. माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. तिथून निघून दुसऱ्या राज्यांत आसऱ्याला गेलेल्या सैनिकांना काही दिवसांतच आपली औषधे नोंदीवरून मिळू लागली. आमच्या कोपीत शिरलेले पाणी त्या मानाने ओंजळभरच. पण भिजलेल्या कागदाचे दुःख तेच.

या व्यवस्थेचा लाभ सर्वांत जास्त कोणाला, असे मला विचाराल तर मी म्हणेन, जो एका जागी राहत नाही त्याला. ज्याचा डॉक्टर बापाच्या वेळेपासून ठरलेला आहे, त्याची नोंद डॉक्टरच्या डोक्यात असते. ऊसतोड कामगाराचा डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलतो. क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा, आणि उसाचा हंगामही जवळजवळ तेवढाच. भाद्रपदात गावी गोळ्या सुरू झाल्या आणि कार्तिकात माणूस फडावर गेला, तर मधला धागा तुटतो. गोळ्या मध्येच सुटल्या, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग तो आजार त्याच्या एकट्याचा राहत नाही. २०१२ सालापासून क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' या सरकारी संगणक-व्यवस्थेत होते. रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंदही तिकडे सोपवता येते. अशा नोंदीने किती माणसे वाचली असतील, हे मी सांगू शकत नाही. पण ती नसती तर किती धागे तुटत राहिले असते, याची कल्पना करता येते.

आणखी एक लाभ आहे. तो एका माणसाला दिसत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याची ओरड झाली. राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी होत्या. पाळीच्या चार दिवसांत काम बुडाले तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. शिवाय पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. प्रत्येक बाईला आपले काय झाले ते ठाऊक होते. प्रत्येकीच्या पिशवीत त्याचा कागदही होता. पण एकीचा कागद दुसरीच्या कागदाशेजारी ठेवून पाहणारे कोणी नव्हते. तेरा हजार दुःखे तेरा हजार पिशव्यांत बंद होती, म्हणून ती प्रत्येकीचे नशीब ठरली. ती एकत्र मोजली गेली तेव्हा कुठे तो अन्याय ठरला. ही बेरीज घरोघर फिरून करावी लागली. नोंदी जोडलेल्या असत्या, तर कदाचित दहा वर्षे आधी कोणाच्या तरी डोळ्यांवर आली असती.

इथे मी थांबलो, तर हा लेख सरकारी पत्रकासारखा होईल, आणि तो तसा व्हावा अशी माझी इच्छा नाही. कारण नोंद कशाला म्हणतात हे मला दवाखान्यात जाऊन शिकावे लागले नाही. माझा स्वतःचा धंदाच नोंदी करण्याचा आहे. आणि माझ्या हातून झालेल्या एका नोंदीचे ओझे मी अजून वाहतो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिला मधूनमधून फेफरे येई. एकदा ती फळ्यापाशीच पडली. मी घाबरलो, मुले घाबरली. पुढे अशी वेळ आली तर नव्या शिक्षकांना ठाऊक असावे, तिला विहिरीकडे किंवा गच्चीवर पाठवू नये, या हेतूने मी तिच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'फिट येतात. लक्ष ठेवावे.' हेतू चांगला होता. अक्षरही चांगले होते. मुलगी शाळा सोडून गेली. औषधाने तिचे फेफरे पुढे थांबले, असे मी ऐकले. चारपाच वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मुलाकडचा कोणी एक नातेवाईक जन्मतारीख खातरजमा करून घेण्याच्या निमित्ताने शाळेत आला. रजिस्टर उघडले गेले. जन्मतारखेच्याच ओळीत, जरा पुढे, माझे वळणदार अक्षर होते. त्याने ते वाचले. सोयरीक मोडली.

तिचा बाप माझ्याकडे भांडायला आला नाही. आला असता तर मला बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, "गुर्जी, तुम्ही खोटं लिव्हलं न्हवतं." या वाक्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. मी खरे लिहिले होते; जे लिहिले ते तिच्या हितासाठी लिहिले होते. चूक इतकीच झाली, की ते शिक्षकासाठी लिहिलेले वाक्य सोयरिकीच्या बोलणीत जाऊन बसले. एका प्रसंगासाठी बोललेला खरा शब्द भलत्या प्रसंगी उच्चारला गेला, तर तो खोट्यापेक्षा अधिक इजा करतो. खोट्याला निदान खोडून तरी काढता येते.

तेव्हापासून माझ्या ध्यानात आले आहे, की माणसाच्या आठवणीत आणि वहीच्या आठवणीत मोठा फरक आहे. माणूस आठवतो, तसा विसरतोही. विसरत नाही ते निदान मऊ होते. गावाला त्या मुलीचे फेफरे ठाऊक होतेच; गावात काय झाकून राहते? पण गावाला तिचा गळा गोड आहे हेही ठाऊक होते, तिने धाकट्या भावंडांना वाढवले हेही ठाऊक होते, आणि तिचे फेफरे थांबले हेही ठाऊक होते. गाव तिच्या आजाराला तिच्यापासून वेगळे करून पाहत नव्हते. वहीने तिला पाहिलेच नव्हते. वहीने फक्त फेफरे पाहिले होते. पुष्कळजण म्हणतात, की गरिबाला कसली आली खाजगी गोष्ट! सार्वजनिक दवाखान्याच्या बाकावर त्याचा आजार सगळ्यांसमोरच पुकारला जातो. ते खरे आहे, आणि लाजिरवाणेही आहे. पण बाकावर ऐकलेले बाकावर राहते. ऐकणारे उठून आपापल्या घरी जातात. नोंद उठून जात नाही.

कायदा बदलतो, वैद्यक बदलते, आणि नोंद मात्र तिथेच उभी असते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे एके काळी विवाह रद्द ठरवण्याचे कारण होते. १९९९ साली ते काढून टाकले गेले. कुष्ठरोग घटस्फोटाचे कारण होता. तोही २०१९ साली वगळला गेला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरचा बहुविध औषधोपचार १९८१ साली सुचवल्यानंतर अडतीस वर्षांनी. कायद्याला शहाणपण यायला एवढा काळ लागला. सोयरिकी जुळवणाऱ्यांना अजून आलेले नाही. अशा समाजात जुनी नोंद म्हणजे बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पाडण्याचे साधन होऊ शकते.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकीचा उपदेश करतो, तिथे रुग्णाच्या घरात वैद्याला जे कळते ते त्याने बाहेर सांगू नये, असे बजावलेले आहे. ग्रीसमधल्या हिपॉक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही तेच बंधन आहे. दोन भूमी, दोन परंपरा, आणि बंधन एकच. कारण त्याशिवाय वैद्यकीच चालत नाही. जो रोगी लाजेल तो लपवील, आणि जो लपवील तो बरा व्हायचा नाही. आता त्या शपथेपुढचा प्रश्न असा, की वैद्याचे तोंड बंद ठेवता आले. पण वैद्याने जे यंत्रावर लिहिले त्या यंत्राचे तोंड कोणी बंद ठेवायचे?

यंत्रांची तोंडे उघडतात, याचे दाखले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स इस्पितळाची संगणक-व्यवस्था चोरांनी बंद पाडली, आणि जवळजवळ दोन आठवडे तिथल्या माणसांना पुन्हा हाताने लिहावे लागले. सिंगापुरात एचआयव्हीची लागण झालेल्या १४,२०० माणसांची नावे बाहेर फुटल्याचे जानेवारी २०१९ मध्ये सरकारला जाहीर करावे लागले. फिनलंडमध्ये एका मानसोपचार संस्थेतल्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० साली चोरांनी पैशासाठी संस्थेवर न थांबता एकेका रुग्णाला धमकीची पत्रे पाठवली. वैद्यापाशी रडून सांगितलेली गोष्ट बाजारात मांडण्याची ती धमकी होती. हे सारे देश यंत्राच्या बाबतीत आपल्यापेक्षा मागासलेले नाहीत.

तरीसुद्धा मला चोरांची भीती कमी वाटते. चोराला चोर म्हणता येते. मला अधिक भीती वाटते ती कुलूप न तोडता आत येणाऱ्याची. आमच्या भागात पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो, आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. दवाखान्यात बाईची नोंद उघडायची म्हणजे संमतीचा आकडा फोनवर येतो. म्हणजे तो नवऱ्याच्या खिशात येतो. तिने गर्भ राहू नये म्हणून काही घेतले असेल, कधी गर्भपात करून घेतला असेल, माहेरी असताना काही आजार झाला असेल, त्या साऱ्याची किल्ली त्या खिशात. हंगामाच्या तोंडावर मुकादम म्हणेल, उचल हवी असेल तर आधी फोन दाखव. कोणाला दम लागतो, कोणाचे पोट कापलेले आहे, हे मला बघू दे. त्याला कोणते कुलूप तोडावे लागेल? बाई स्वतः आकडा वाचून दाखवील. कागदोपत्री ती संमतीच असेल. पण जिथे 'नाही' म्हणण्याची किंमत हंगामभराची भाकर आहे, तिथे 'हो' या शब्दाला मी संमती म्हणायला तयार नाही. केसपेपरच्या खिडकीपुढच्या लांब रांगेत, मागचा माणूस ढकलत असताना, दिलेल्या होकाराची गोष्टही फारशी वेगळी नाही.

चुकीचेही असेच आहे. आमच्या पिढीतल्या आणि आधीच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे वाचकांनी पाहिले असेल. जून महिन्याचा हा काही चमत्कार नव्हे. बाप पोराला शाळेत घेऊन आला, जन्मतारीख त्याला सांगता येईना, आणि गुरुजींनी शाळेच्या सोयीची तारीख टाकली. ती तारीख मग दाखल्यावर गेली, दाखल्यावरून नोकरीत गेली, आणि त्या तारखेने माणसे निवृत्तही झाली. एका गुरुजींच्या सोयीचे सत्य जन्मभर पुरले. यात कोणाचे फारसे बिघडले नाही म्हणून आपण हसतो. पण रक्तगटाच्या रकान्यात, न सोसणाऱ्या औषधाच्या रकान्यात, कोणी घाईघाईने १ जून टाकला तर? कागदावरची चूक एका दवाखान्यात जन्मते आणि तिथेच मरते. जोडलेल्या नोंदीतली चूक दहा दवाखान्यांत जाते, आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून ती खरी मानली जाते. दिवसभरात शेकडो रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने आणि गावोगाव फिरून आलेल्या नर्सबाईंनी रात्री बसून हे रकाने भरायचे असतात, हेही विसरून चालणार नाही.

माझ्याविरुद्ध एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या फेफऱ्याने कोणाला इजा होणार नव्हती. पण ज्या आजाराने दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, तोही झाकायचा काय? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. एका माणसाला एचआयव्हीची लागण झाल्याचे इस्पितळाकडून बाहेर गेले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. त्याने दाद मागितली. न्यायालयाने म्हटले, खाजगीपणाचा हक्क खरा. पण नियोजित वधूलाही आपला जीव वाचवण्याचा हक्क आहे. मी त्या वधूचा बाप असतो तर मीही हेच म्हटले असते, हे कबूल केले पाहिजे. पुढे २०१७ साली एचआयव्हीसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. त्यात वाट काढलेली आहे. रुग्णाच्या संमतीवाचून कोणी काही सांगायचे नाही. मात्र जोडीदाराला मोठा धोका असेल, तर डॉक्टरने आधी रुग्णाला समजावावे, आणि तो सांगणार नाही असे दिसले तर जोडीदाराला सांगण्याची डॉक्टरला मुभा आहे. मला यातले एक तत्त्व मोलाचे वाटते. इथे गुपित उघडते ते एका जबाबदार माणसाच्या निर्णयाने, एका विशिष्ट माणसाकरता, विशिष्ट कारणाने. आणि उद्या त्या निर्णयाचा जाब विचारता येतो. माझे रजिस्टर उघडले गेले तेव्हा यांतले काहीच नव्हते. कोणी निर्णयच घेतला नव्हता. वही फक्त उघडी होती.

मग करायचे काय? पिशवीकडे परत जायचे काय? ज्या बाईचे बोट गेले तिच्यासमोर उभे राहून मला तसे म्हणवणार नाही. नोंद हवी, आणि ती दवाखान्या-दवाखान्यांत पोचायलाही हवी. माझे म्हणणे एवढेच, की नोंदीने माणसाबरोबर चालावे, माणसाच्या पुढे चालू नये. तो दवाखान्यात पोचला म्हणजे तीही पोचावी. तो सोयरिकीला, नोकरीला, मुकादमाच्या दारात गेला, तर तिने घरी राहावे. हे अशक्य नाही. एस्टोनियासारख्या लहान देशात २००८ सालापासून सगळ्या देशाची आरोग्य-नोंद जोडलेली आहे. तिथे आपली नोंद कोणी उघडली, हे रुग्णाला पाहता येते, आणि एखादे पान बंदही ठेवता येते. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. शब्द आता आपल्यापाशी आहेत. ते त्या बाईपर्यंत पोचायचे आहेत. तिची नोंद कोणी पाहिली हे तिला तिच्या भाषेत, वाचून दाखवून, कळले पाहिजे. चुकलेले दुरुस्त करून घ्यायला तिला वकील लागता कामा नये. आपले एखादे पान नवऱ्यालाही न दाखवण्याची सोय तिला हवी. क्रमांक नाही म्हणून कोणी तिला दारातून परत पाठवता कामा नये. आणि तेरा हजारांची बेरीज जरूर व्हावी. बेरजेला आकडे लागतात, नावे लागत नाहीत.

यंदा त्यांचा ट्रक निघण्याच्या आदल्या दिवशी ती बाई शाळेत आली. जिल्ह्याच्या इस्पितळात मिळालेले क्रमांकाचे कार्ड तिच्या हातात होते. "गुर्जी, ह्यात माजं समदं लिव्हलंय का?" तिने विचारले. मी म्हटले, कार्डात नाही, पण या क्रमांकावरून डॉक्टरांना दिसते. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "मालकाला दिसंल का?"

तिला काय लपवायचे होते ते मी विचारले नाही. तो माझा रकाना नव्हे. फोन कोणाचा आहे, एवढे मात्र मी विचारले, आणि उत्तर मला ठाऊक होते तेच निघाले. तेव्हा तिला खात्रीने सांगता येईल असे काही मला सुचेना. मी एक जाड कागद घेतला आणि इस्पितळाने अखेर शोधून काढलेले, तिला न सोसणाऱ्या औषधाचे नाव त्यावर ठळक अक्षरांत लिहिले. दुसरे काही लिहिले नाही. तिने त्याची चौकोनी घडी केली, चंचीत घातली आणि चंची कमरेला खोचली. कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक गेला. वर्गातली अकरा मुले त्याबरोबर गेली. हजेरीपटावर मी त्यांच्या नावांपुढे 'स्थलांतरित' असे लिहिले आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.